चेनची खडखड

भंगारवाल्याचा ट्रक दुपारी येणार, हे दादाने नाश्त्याच्या टेबलावर असं सांगितलं, जणू गॅसचा सिलिंडरच यायचा आहे. पावाला लोणी लावता लावता, मान वर न करता.

आईचा कप अर्ध्या वाटेत थांबला. बाबांनी मान किंचित तिरकी केली. दृष्टीचा मधला भाग गेल्यापासून समोरचा माणूस दिसावा म्हणून ते त्याच्या कानाच्या बाजूला बघत. त्यामुळे आता ते दादाच्या खांद्यावरून भिंतीकडे रागाने बघताहेत, असं वाटत होतं.

"कुठली गाडी न्यायला?" आईने विचारलं. दारात जसा गाड्यांचा ताफाच उभा होता.

"आई, उगाच वेड पांघरू नकोस. गॅरेजवाला काय म्हणाला ते तूही ऐकलंस. इंजिन उघडावं लागेल, आणि एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन उघडण्यात काही राम नाही. सकाळी ती सुरू केली की खडखडाटाने समोरच्यांचं बाळ उठतं."

"ते तसंही उठतंच."

दादाची धाकटी बहीण अंडं सोलत होती. बोलणं गाडीचं चाललं आहे असं वरवर दिसत असलं, तरी ते घराचं आहे हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळत होतं. घर टेकडीच्या माथ्याला. बस खाली चौकापर्यंतच यायची. बाबांचे डोळे गेले तेव्हा गाडी विकायची ठरत होती. पण टपाल कचेरीच्या खिडकीमागे जन्म काढलेली आई, साठी उलटल्यावर, एक दिवस मुकाट्याने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन बसली. परीक्षेत नापास झाली, पुन्हा बसली, पुन्हा नापास झाली, आणि शेवटी परीक्षकच कंटाळला की ती खरंच शिकली यावर घरात अजून एकमत नव्हतं. तेव्हापासून बाबांचा दवाखाना, बाजार, वाचनालय, सगळं तिच्या हातातल्या स्टिअरिंगवर चाललं होतं. गाडी गेली की टेकडीवरचं राहणं संपलं. दादाच्या फ्लॅटमधली मागची खोली तयार होती. तिला पडदेसुद्धा लागले होते.

धाकटीने हात पुसले, पायाशी ठेवलेल्या पिशवीतून एक खोकं काढलं आणि लोण्याच्या भांड्याशेजारी ठेवलं.

"हे काय?"

"टेन्शनर."

"आधीच घरात कमी आहे का टेन्शन?" वहिनी म्हणाली.

"टायमिंग चेनचा टेन्शनर. इंजिनाच्या आत एक चेन फिरते. तिला हा सतत दाबून ताठ ठेवतो. जुना थकलाय, म्हणून चेन सैल पडून आपटते. खडखड तीच. बाबांनी आवाजावरून ओळखलं आणि मला फोन केला."

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीकडे बघत राहिले.

"आणि तो बदलणार कोण?"

"मी."

"तू दातांची डॉक्टर आहेस!"

"मग? चेनही दात्यांवरच फिरते."

वहिनीला हसू फुटलं. दादाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू भर सभेत आपल्याच पक्षाच्या माणसाने विरोधकांसाठी टाळी वाजवली. मागच्या खोलीचे पडदे वहिनीनेच निवडले होते. ती कोणाच्या बाजूची आहे हे विचारायची त्यामुळे कोणाला गरजच वाटली नव्हती.

"गंमत नाही ही," दादा म्हणाला. तो विमा कंपनीचा सर्व्हेअर. चेपलेल्या, जळालेल्या, पाण्यातून काढलेल्या गाड्यांभोवती फिरून 'दुरुस्तीपलीकडे' असा शेरा मारायचा, हे त्याचं काम. "ती चेन एक दाता जरी सरकली ना, तर सुरू केल्या केल्या व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतील आणि इंजिनाचा चुराडा होईल."

"मग तुला बरंच की," आई म्हणाली. "ट्रक येणारच आहे."

दादाने लोण्याची सुरी खाली ठेवली. मग तो म्हणाला, "ठीक आहे. ट्रक येईपर्यंत करा काय करायचं ते. गाडी सुरू झाली, आई मला तिच्यातून फिरवून घेऊन आली आणि मला एकदाही भीती वाटली नाही, तर या घराचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही तर तुम्ही दोघं माझ्याबरोबर येताय."

"कबूल," बाबा म्हणाले. त्या सकाळचा त्यांचा हा पहिलाच शब्द.

*

घराला लागून पत्र्याची शेड होती, तिच्यात गाडी. धाकटीने ती जॅकवर उचलली, खाली पक्के स्टँड लावले, पुढचं उजवं चाक काढलं आणि बॅटरीची तार सोडवली. बाबा स्टुलावर बसले. मांडीवर हत्यारांचा ट्रे. पान्याचा सॉकेट कितीचा आहे हे ते अंगठ्याने त्याच्या कडेवरून फिरवून सांगत, आणि चुकत नसत.

बाबांची नोकरी अग्निशमन दलाच्या वर्कशॉपमधली. बंबाची गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली नाही, तर ती सुरू झालीच नाही असं समजायचं, हा तिथला कायदा त्यांनी घरातही चालवला होता. दादा लहान असताना दर सुट्टीला त्याला या शेडमध्ये टॉर्च धरून उभं राहावं लागे, आणि टॉर्च हलला की ओरडा खावा लागे. धाकटीला मात्र कपडे खराब होतील म्हणून आत पिटाळत. ती स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कठड्यावर बसून बघायची. इतकी वर्षं काचेतून पाहिलेली जागा आज हाताशी आली होती. पहिली दाढ काढताना केलं होतं तसं तिने हात दोनदा पुसून घेतले.

"वरच्या झाकणाचे, टॅपेट कव्हरचे बोल्ट एका ओळीने सोडू नकोस," बाबा म्हणाले. "समोरासमोरचे, थोडे थोडे. नाही तर कव्हर वाकेल."

कव्हर निघालं. आत काळ्या तेलाने माखलेली, चकचकीत, एखाद्या प्राण्याच्या आतड्यासारखी गुंतागुंत. दोन दातेरी चक्रं, आणि त्यांच्यावरून खाली अंधारात उतरणारी चेन. धाकटीने बोटाने चेन दाबली. ती ढिली, लुळी, सहज आत गेली.

"किती जाते?"

"खूप. हलणाऱ्या दातासारखी."

"मग निदान बरोबर आहे तुझं."

"तुमचं," ती म्हणाली. बाबांनी ट्रेमधली हत्यारं उगाचच पुन्हा सारखी केली.

आता इंजिन हाताने फिरवून खुणा जुळवायच्या होत्या. त्याला चाकाच्या बाजूने लांब पान्याने जोर लावणारं कोणीतरी हवं. आईच्या मनगटात तेवढा जोर नव्हता आणि दादा व्हरांड्यात फोनवर होता. तेवढ्यात शेडच्या दारात वहिनी आली. शाळेत खेळाची शिक्षिका, दंड असे की मुलं तिला मागून 'पैलवान मॅडम' म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं.

"कुठे लावायचा जोर?" तिने बाह्या वर सारल्या.

"वहिनी, दादा चिडेल."

"चिडू दे. पडदे मी लावले, ते कोणी आलं तर खोली चांगली दिसावी म्हणून. पण आई माझ्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारख्या स्टुलाच्या टोकावर बसल्यात आणि डबे कुठे आहेत ते मला विचारताहेत, हे मला बघवणार नाही. सांग, कुठे?"

"घड्याळाच्या काट्याच्या दिशेने," बाबा म्हणाले. "आणि फक्त त्याच दिशेने. खूण पुढे गेली तर मागे आणायची नाही. पुन्हा पूर्ण फिरवायचं."

पहिल्यांदा खूण पुढे गेलीच. दुसऱ्यांदा वहिनीने श्वास रोखून, केसभर केसभर पाना सरकवला, आणि दोन्ही चक्रांवरच्या रेघा समोरासमोर येऊन थांबल्या. धाकटीने प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी चेन चक्रांना घट्ट बांधली, म्हणजे टेन्शनर निघाला तरी दाता सुटणार नाही. चेन जिथून खाली उतरते त्या फटीत तिने फडकं कोंबलं.

टेन्शनर आतल्या भिंतीला, दोन बोल्टवर. वरचा सहज सुटला. खालचा दिसतच नव्हता. फडकं आड येत होतं, म्हणून तिने ते जरासं, अगदी जरासं बाजूला केलं. सॉकेट बसला, बोल्ट फिरू लागला. शेवटचा आटा सुटला आणि बोल्ट सॉकेटमधून निसटला.

टक्. मग खालून, बारीक, आणखी एकदा टक्.

ज्या फटीत काही पडता कामा नये, नेमका तिथेच बोल्ट गेला होता. तो खाली चेनमध्ये अडकला असेल, तर पुढे इंजिन फिरवणंच शक्य नव्हतं.

*

"काय पडलं?" दादा दारात होता. हे घर ज्या आवाजांवर वाढलं होतं, त्यातला हा आवाज त्यालाही कळत होता.

"खालचा बोल्ट."

"चेनच्या खोबणीत?" तो वाकला, आत पाहिलं आणि सरळ झाला. "संपलं मग. आता पुढचं सगळं कव्हर खोलावं लागेल. ते इथे होणार नाही."

"तू आनंदाने सांगतोयस," वहिनी म्हणाली.

"आनंदाने?" दादाचा आवाज एकदम चढला. "तुम्हाला सगळ्यांना वाटतं मी दुष्ट आहे! मागच्या महिन्यात मी एक गाडी पाहिली. हिच्याच रंगाची, हिच्याएवढीच जुनी. चालवत होती एक म्हातारी बाई, शेजारी तिचा नवरा. दोघं वाचले, पण मला ते नंतर कळलं. आधी दिसली ती गाडी. आणि मागच्या सीटवर भाजीची पिशवी, आईची असते ना, तशीच, चौकड्यांची. मी तिथे उभा होतो आणि मला आकडे लिहिता येईनात. आता फोन वाजला आणि घरचा नंबर दिसला की माझे हातपाय गार पडतात."

आई मघाशीच येऊन उभी राहिली होती. चहाचा ट्रे तिने गाडीच्या टपावर ठेवला.

"हे आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "मी नुसती म्हातारी झाले म्हणून तू असं करतोयस, असं धरून चालले होते मी. तुझ्यावर चिडून मी आणखी वेगाने चालवायला लागले होते."

दादाने कपाळावर हात मारला. वहिनीने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलताना दिसत होते.

"बोल्ट," बाबा शांतपणे म्हणाले. "दुसरा आवाज चेनवरचा नव्हता. प्लॅस्टिकवरचा होता. चेन ज्या पट्टीला घासून जाते ना, त्या पट्टीच्या कडेवर तो बसलाय. तळाला नाही गेला."

धाकटीने दातांच्या हत्यारांच्या पिशवीतून बारका दिवा काढून कपाळाला बांधला आणि तोंडात घालायचा छोटा गोल आरसा लांब दांडीला जोडून फटीत उतरवला. जरा फिरवल्यावर आरशात अंधार, तेल, चेनचे दुवे, आणि एका काळ्या कडेवर तिरका टेकलेला बोल्ट.

"आहे!"

बाबांनी लोहचुंबकाची कांडी पुढे केली. पण ती खाली सोडली की वाटेतच चेनला जाऊन चिकटे. ओढून काढली की चेन हाले, आणि चेन हलली की आरशातला बोल्टही डगमगे. एका हाताने आरसा, दुसऱ्याने कांडी, तिसरा हात कुठून आणायचा?

"कागदाची नळी कर," बाबा म्हणाले. "कांडी तिच्यात घाल. टोक तेवढं बाहेर."

आईने वाणसामानाच्या पिशवीचा जाड कागद फाडून नळी गुंडाळली. टपालाची पार्सलं बांधून बांधून तयार झालेले हात. नळी पेन्सिलसारखी घट्ट झाली. "आणि आरसा कोणीतरी धरा," धाकटी म्हणाली.

वहिनी चाकापाशी पाना धरून होती. आई नळी कांडीवर चढवत होती. कोणीच दादाकडे बघत नव्हतं, पण न बघण्याचीही एक पद्धत असते.

दादाने घड्याळ काढून खिशात टाकलं, चाळिशी नाकावर सरकवली आणि आरशाची दांडी धरली.

"थोडा डावीकडे. खाली. तिथेच." धाकटी सांगत होती. नळी चेनला घासून गेली, पण चिकटली नाही. आरशात टोक बोल्टच्या दिशेने सरकत होतं, उलटं, कारण आरशात सगळंच उलटं. पण धाकटीचा सगळा दिवसच या उलट्या जगात जायचा. केसभर राहिलं, आणि आरसा थरथरला.

"आरसा सरळ धर!" बाबा कडाडले. त्यांना दिसत नव्हतं. पण दादाचा श्वास बदललेला ऐकू आला होता.

दादा त्या आवाजाने क्षणभर लहान झाला. मग त्याच्या घशातून विचित्र आवाज आला. धाकटीला वाटलं, झालं, आता हा निघून जाणार. पण तो हसू दाबत होता. "बाबा, हसवू नका, खरंच हलेल," तो म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट पकडून त्याने आरसा खिळ्यासारखा पक्का धरला.

चिट्.

तिने कांडी वर ओढली, हळू, दाढेचं मूळ वर घेतात तशी. टोकाला बोल्ट लोंबकळत होता. वहिनीने शाळेच्या मैदानावर मारतात तशी कर्कश शिट्टी मारली, आणि समोरच्या घरातलं बाळ रडायला लागलं.

*

पुढचं काम सगळ्यांचं झालं. जुन्या टेन्शनरचा दट्ट्या बोटाने दाबला की मऊ आत जाई. नवा दगडासारखा कडक, पिन लावून दाबून ठेवलेला. धाकटीने तो बसवला, दादाने यावेळी फडकं स्वतःच्या हाताने कोंबलं आणि वरून तळहातही धरला. बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळले. पिन ओढली. आत कट् असा आवाज आला, आणि बाबा म्हणाले, "बसला."

पट्ट्या कापल्या. वहिनीने इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं. कुठे अडकलं नाही. रेघा पुन्हा समोरासमोर आल्या. दादाने त्या आरशातून पाहिल्या, सरळ पाहिल्या, आणि पुन्हा आरशातून पाहिल्या. कव्हर, नवं गॅस्केट, नवं तेल, चाक. गाडी खाली उतरवली. फाटकापाशी ट्रक येऊन थांबला तेव्हा धाकटी बॅटरीची तार आवळत होती.

"पेट्रोलचा फ्यूज काढून आधी नुसता सेल्फ मार," बाबा म्हणाले. "तेल वर चढू दे."

तसं केलं. फ्यूज परत लावला. मग धाकटी ड्रायव्हरच्या दारापासून बाजूला झाली आणि आई आत बसली. तिने सीट पुढे ओढली, आरसा ठीक केला, पट्टा लावला. ट्रकवाला फाटकाशी उभा राहून बघत होता. आईने किल्ली फिरवली.

पहिल्याच सेल्फला सुरू झाली. आणि खडखड खडखड खडखड!

धाकटी बॉनेटकडे धावली. दादाने डोळे मिटले. वहिनीच्या हातातला पाना तसाच राहिला. फक्त बाबांनी एक बोट वर केलं.

"थांब. बंद करू नकोस. नवा आहे टेन्शनर, त्याच्या पोटात तेल भरू दे."

खडखड एकदा अडखळली, विरळ झाली, आणि कोणीतरी दार लावून घ्यावं तशी गेली. मागे राहिली ती फक्त गुणगुण. इतकी बारीक की शेडच्या पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याची नखं ऐकू येत होती. बाबा स्टुलावरून उठले, चाचपडत पुढे आले आणि बॉनेटवर सबंध पंजा ठेवून उभे राहिले.

"कोणी शिकवलं तुला?" त्यांनी विचारलं.

"खिडकीने," धाकटी म्हणाली.

बाबांनी मान हलवली. मग ट्रेमधलं सॉकेटचं खोकं बंद करून तिच्या हातात दिलं. परत ठेवायला नव्हे, ठेवून घ्यायला. त्यांच्या देण्यात तो फरक तिला बरोबर कळला.

फाटकात मात्र ट्रक आडवा. आईने हॉर्न वाजवला, लांबलचक. ट्रकवाला दादाकडे बघू लागला. दादा फाटकाबाहेर गेला आणि दोन्ही हातांनी त्याला खुणा करू लागला. "मागे घ्या. अजून मागे. चुकून आलात तुम्ही, माफ करा. अजून मागे."

मग तो परत आला, आईच्या शेजारी बसला आणि त्याने पट्टा असा ओढला की तो तुटायचाच राहिला. गाडी उताराला लागली.

बाबा पायरीवर बसून ऐकत राहिले. "दुसरा टाकला. वळणावर ब्रेक. चांगला लावला. आता चौक." मग आवाज गेला. चौकातून फिरून यायला लागेल तेवढा वेळ झाला. त्याहून जास्त झाला. वहिनी फाटकापर्यंत जाऊन आली. धाकटी हातांचं तेल पुसून पुसून थकली, आणि तिला ती चौकड्यांची पिशवी आठवू लागली.

"येतेय," बाबा अचानक म्हणाले. कितीतरी वेळाने बाकीच्यांना ऐकू आलं.

गाडी सावकाश चढण चढून आली, फाटकातून सफाईने आत वळली आणि पायरीसमोर उभी राहिली. आईने इंजिन बंद केलं नाही. तिने काच खाली केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

शेजारच्या सीटवर दादा झोपला होता. मान खांद्यावर कलंडलेली, चष्मा छातीवर घसरलेला, तोंड उघडं.

"तळ्यापर्यंत गेले," आई कुजबुजली. "पुलापलीकडे याचा डोळा लागला. मग म्हटलं, झोपू दे, आणखी एक फेरी मारू."

"महिनाभर रात्री उठून बसतो हा," वहिनी हलकेच म्हणाली. तिने खिडकीतून हात घालून त्याचा चष्मा काढून घेतला. तो हललासुद्धा नाही.

बाबांनी जवळ येऊन कान दिला. त्यांना इंजिनाची गुणगुण ऐकू आली, आणि तिच्याहून मोठं मुलाचं घोरणं.

"झाला याचा सर्व्हे," ते म्हणाले.

आईने गिअर टाकला, गाडी अंगणातच अलगद वळवली आणि पुन्हा उताराला लावली.